भिंतीवर खरवडलेला प्लेग

आमच्या ऑफिसकडे इंग्लंडमधल्या जुन्या चर्चेसच्या तपासणीची कामं येतात. १९५५ च्या कायद्यापासून चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी तपासणी करावीच लागते, छप्पर, पन्हळी, दगड, सगळं. खरं सांगायचं तर कंटाळवाणं काम, दिवसभर मान वर करून पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं नि फोटो काढायचे. अ‍ॅशवेलचा दिवस मात्र वेगळाच निघाला.

हर्टफर्डशायरमधलं हे गाव तसं एवढंसं, पण तिथल्या सेंट मेरी चर्चचा टॉवर १७६ फूट, वर शिशाच्या पत्र्याने मढवलेला अणकुचीदार कळस. बांधकाम चौदाव्या शतकातलं, म्हणजे तेव्हा चर्च पोपचंच होतं, आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी फारकत घेतली तेव्हा कुठे ते अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं झालं.

दगड आहे क्लंच. खडूसारखा मऊ, नख फिरवलं तरी ओरखडा उठेल असा. आसपासच्या गावांत हाच मिळायचा म्हणून हाच वापरला. आमच्या लाइनमध्ये क्लंच म्हणजे डोकेदुखी, पाणी पितो, थंडीत आतलं पाणी गोठतं आणि मग पोपडे निघायला लागतात. त्यात कुणी हौसेने सिमेंट थापलं तर संपलंच, ओल आत कोंडते नि सिमेंटच्या मागचा दगड भुगा होऊन पडतो (आपल्याकडे जुन्या वाड्यांचं हेच करून ठेवलंय). त्यामुळे बाहेरून फोटो काढताना मी मनातल्या मनात त्या दगडाला शिव्याच घालत होतो.

दुपारी टॉवरच्या आत गेलो. बॉस म्हणाला, वरचे लाइट बंद कर. मग त्याने टॉर्च उत्तरेकडच्या भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि इतका वेळ नुसती मळकट दिसणारी भिंत अक्षरांनी भरून गेली! लॅटिन, वाकडंतिकडं, कुणीतरी टोकदार कशाने तरी खरवडलेलं. १३५० सालाबद्दल लिहिलंय, दीनवाणं, भयंकर, हिंसक वर्ष, साक्षीला उरलीत ती फक्त लोकांतली सगळ्यात वाईट माणसं. म्हणजे ब्लॅक डेथ, प्लेगची ती मोठी साथ, नुकतीच गावावरून फिरून गेलेली आणि जो वाचला तो स्वतःलाच गाळ म्हणतोय. पुढे १३६१ चं वादळ. संत मॉरसच्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारीला ते आलं, आपल्या आजच्या हिशोबाने साल १३६२, कारण तेव्हा तिकडे नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्याच वादळात नॉर्विच कॅथेड्रलचा कळस कोसळला. आणि १३६१ मध्ये प्लेगची दुसरी लाट आली होती, ती वेगळीच.

त्याच भिंतीवर खाली एका मोठ्या चर्चचं चित्र कोरलंय. ते लंडनच्या जुन्या सेंट पॉल्सचं असावं असं मानतात. ती इमारत १६६६ च्या आगीत गेली.

मी फोटो काढत होतो आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की ग्रॅनाइट असता ना, तर यातलं काहीही नसतं. कोण बसणार होता छिन्नी घेऊन? प्लेगमधून नुकताच उठलेला माणूस हाताला येईल त्याने चार ओळी ओढतो, त्याला मऊ दगडच लागतो. बाहेर ज्या गुणापायी टॉवर झिजतोय त्याच गुणाने आत हे टिकलंय, फरक फक्त पावसाचा.

निघताना बॉसने चर्चच्या मुख्य हॉलमधल्या एका खांबावरची ओळ दाखवली. तीही लॅटिन. कोपरे नीट जुळवलेले नाहीत, मी यावर थुंकतो! मध्ययुगातली स्नॅग लिस्टच की ही, म्हणजे बांधकामात राहिलेल्या चुकांची यादी. मग काय, आम्ही दोघांनीही वाकून सांधे तपासले, आणि बॉस म्हणाला, तक्रार बरोबर आहे की नाही ते रिपोर्टात तूच लिही.