ब्यूटचा पोरगा आणि फ्रायबर्गच्या खाणीतलं पाणी

सकाळी पावणेसातला आम्ही खाणीत उतरायच्या शाफ्टपाशी उभे होतो. जुलैचं ऊन तेवढ्यात चढायला लागलं होतं आणि आम्ही दोघं जाड डगले, रबरी बूट, हेल्मेट, कमरेला सेल्फ-रेस्क्यूअरचा, म्हणजे विषारी धुरात श्वास घ्यायच्या उपकरणाचा डबा अशा अवतारात. खाली बारा महिने साधारण १० अंश तापमान असतं. उन्हाळा असो की हिवाळा, खाणीला पत्ता नसतो. श्टायगर आले. श्टायगर म्हणजे खाणीतला मुकादम, ज्याच्या शब्दावर खाली सगळं चालतं. त्यांनी आमचे दिवे तपासले आणि म्हणाले, "ग्ल्यूक आउफ."

जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये हा शब्द दिवसातून वीसदा कानावर पडतो. खाणीत उतरताना, जिन्यात, फोन ठेवताना, अगदी विद्यापीठाच्या ईमेलच्या शेवटीसुद्धा. धातूची शीर उघडी पडो आणि माणूस सुखरूप वर येवो, अशा दोन्ही इच्छा त्यात आहेत. माझ्याबरोबरच्या पोराने पहिल्या दिवशी तो ऐकला आणि लगेच म्हणाला, "आमच्याकडे 'टॅप अर लाइट' म्हणतात." सुरुंगाची दारू ठासताना हात हलका ठेव, म्हणजे जिवाला जप. तो ब्यूटचा, मोंटाना राज्यातला. वय २०.

जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शिष्यवृत्ती संस्थेचा 'राइज' नावाचा उपक्रम आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंडमधली पदवीची मुलं उन्हाळ्यात जर्मनीतल्या प्रयोगशाळांमध्ये येतात आणि त्यांना पीएचडी करणाऱ्या एकेका विद्यार्थ्याच्या हाताखाली काम मिळतं. २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या वाट्याला हा आला. मी नागपूरला भूशास्त्रात एमएस्सी केलं आणि इथे खाणीतल्या पाण्यावर पीएचडी करतेय. जर्मनीत एका अमेरिकन मुलाला काम शिकवणारी भंडारा जिल्ह्यातली बाई, याचं त्याच्या घरी फार अप्रूप होतं. व्हिडिओ कॉलवर त्याच्या आजीने मला विचारलं, "तुमचे वडील खाणीत होते म्हणे?"

होते. बाबा तुमसरजवळच्या मँगनीजच्या खाणीत मायनिंग मेट होते, अंडरग्राउंडला. मी मात्र लहानपणी कधी खाली गेले नाही. आपल्याकडे १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत कामाला मनाई होती. ती २०१९ मध्ये सैल झाली, तीही दिवसपाळीपुरती आणि देखरेखीच्या, तांत्रिक कामांपुरती. मी पहिल्यांदा केजमध्ये, म्हणजे खाणीच्या लिफ्टमध्ये, पाय ठेवला तो इथे, सॅक्सनीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्या रात्री बाबांनी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, "छताला हात लावून पाहिलं का?"

पोराचे पहिले दोन आठवडे सगळ्यांचे जातात तसेच गेले. आधी तो तिकीट काढायला निघाला फ्रायबुर्गचं. ते गाव पार नैर्ऋत्येला, ब्लॅक फॉरेस्टजवळ, आणि आमचं फ्रायबर्ग पूर्वेला, ड्रेस्डेनजवळ. मग नगरपालिकेत पत्त्याची नोंद. रविवारी दुकानं बंद असतात हे त्याला सांगितलं होतं, पण पहिल्या रविवारी त्याच्या घरात पाव आणि अर्धी बरणी जॅम एवढंच निघालं. मी त्याला वरण-भात खायला बोलावलं. रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो, हे त्याला शेजारच्या आजींनी सांगितलं आणि वर हातात आयरशेकेचा तुकडा ठेवला. आयरशेके हा इथला अंड्याच्या थराचा केक. बाकी सॅक्सनीत त्यात चक्का घालतात, फ्रायबर्गमध्ये घालत नाहीत. गावचा सगळा चक्का म्हणे तटबंदीच्या चुन्यात घातला, म्हणून केकला उरला नाही. पोराला ही गोष्ट इतकी आवडली की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

कामात तो नेटका होता. एकच घोटाळा जूनमध्ये झाला. त्याने बाटलीवर '6/7' लिहिलं. त्याच्या मनात ७ जून, इथे वाचलं गेलं ६ जुलै. प्रयोगशाळेने बाटली बाजूला ठेवली आणि अजून न उजाडलेल्या तारखेचं पाणी कुठून आलं म्हणून विचारणा केली. मी नियम घातला : महिना आकड्यात लिहायचा नाही, अक्षरात लिहायचा. त्याने तो नियम वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला.

तर त्या दिवशीची गोष्ट. रायशे त्सेशे ही आता विद्यापीठाची शिकवण्याची आणि संशोधनाची खाण आहे. फ्रायबर्गला चांदी सापडली ११६८ मध्ये. खाणविद्येची बेर्गआकाडेमी निघाली १७६५ मध्ये, अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट इथेच शिकला. चांदी-शिशाचं खाणकाम १९६९ मध्ये बंद झालं. पण बंद झालं म्हणजे काय? पंप थांबले, पाणी चढत गेलं आणि खालचे मजले बुडाले. ते पाणी अजून वर येत नाही याचं कारण १८४४ ते १८७७ या काळात खोदलेला रोटशोनबेर्गचा बोगदा. आठशे वर्षांच्या पोकळ्यांमधून गोळा होणारं पाणी त्यातून आपसूक वाहत ट्रीबिश नदीला आणि पुढे एल्बेला मिळतं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. आणि त्या पाण्यातून जस्त आणि कॅडमियमही वाहत जातं. माझं काम त्याच्या उगमापाशी आहे : भिंतींतून ठिबकणाऱ्या पाण्यात कुठे, कधी आणि किती जस्त उतरतं ते पाहायचं.

केज १५० मीटरवर थांबलं. तिथून आम्ही चालत निघालो. खाणीच्या भाषेत याला चालणं म्हणत नाहीत, इथे पायी जाणं असो की शिडी चढणं, सगळ्याला 'फारेन'च. ठिबकणाऱ्या जागेवर पोचलो. भिंतीवर गेरूच्या रंगाचे ओघळ, त्यांच्या कडेला पांढरट-हिरवट क्षारांची लव. नेहमीची कामं सुरू झाली. पाण्याने बाटली तीनदा विसळायची, पीएच मोजायचा, विद्युतवाहकता मोजायची (पाण्यात क्षार जितके विरघळलेले, तितकी ती जास्त), बारीक गाळणीतून पाणी गाळायचं आणि धातू तळाशी बसू नयेत म्हणून नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे. पीएच आला २.७. लिंबाच्या रसाच्या जवळपास.

पोरगा आकडा लिहायचा थांबला. दिव्याचा झोत त्या क्षारांवर धरून म्हणाला, "परवा आलेला तो एक पॉइंट दोन पाच, तो इथलाच ना?"

इथलाच. जुलैच्या पहिल्या पावसानंतर घेतलेला नमुना, जस्त लिटरला १.२५ मिलिग्रॅम. मी त्यावरून आलेखही काढला होता. मे महिन्यात जस्त भरपूर, पावसानंतर एकदम खाली. म्हणजे पावसाचं पाणी मिसळून ते पातळ होतं. मंगळवारच्या बैठकीत मी हेच मांडणार होते.

"आमच्याकडे या रंगाच्या पाण्यात धातू एवढा कमी नसतो," तो म्हणाला.

आमच्याकडे म्हणजे बर्कली पिट, ब्यूटच्या खाणीचा प्रचंड खड्डा. ब्यूटच्या टेकडीला एकेकाळी पृथ्वीवरची सर्वांत श्रीमंत टेकडी म्हणायचे, इतकं तांबं तिच्यात होतं. १९१७ च्या जूनमध्ये तिथल्या खाणीत आग लागून १६८ माणसं गेली. १९५५ मध्ये वरून खोदायला सुरुवात झाली आणि गावाच्या वस्त्या गिळत खड्डा अर्धा किलोमीटरहून खोल गेला. २२ एप्रिल १९८२ रोजी खालचे पंप बंद केले. त्या दिवसापासून खड्डा आम्लधर्मी पाण्याने भरत गेला. १९९५ मध्ये वादळात खाली उतरलेले ३४२ हिमहंस त्या पाण्यावर मेले, आणि २०१६ मध्ये पुन्हा हजारोंच्या संख्येने. हे दुसरं तो बारा वर्षांचा असताना घडलं. हंस खाली उतरू नयेत म्हणून माणसं रात्रभर बंदुकांचे बार आणि भोंगे वाजवत होती, तो आवाज घरापर्यंत येत होता, असं तो खाणीत उभा राहून मला सांगत होता. श्टायगर एवढा वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "आणि आता?" पोरगा म्हणाला, "२०१९ पासून पाणी उपसून, साफ करून ओढ्यात सोडतात. कायमचं. कधी थांबवता येणार नाही."

श्टायगरनी मान हलवली. पुढचा नमुना आम्ही न बोलता घेतला.

वर आलो, मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवलो. वाटेत दिसेल तो 'मालत्साइट' म्हणत होता, हा इथला जेवणाच्या वेळचा नमस्कार, पण पोराचं लक्ष ताटात नव्हतं. दोन वाजता तो माझ्या टेबलाशी आला. वही उघडी होती. त्या नमुन्याची खाणीतली विद्युतवाहकता आणि त्या आधीच्या नमुन्याची, दोन्ही त्याने शेजारी शेजारी मांडली होती. पाणी पातळ झालं असेल तर वाहकता उतरायला हवी. ती वाढली होती. वाहकता लोहाने आणि सल्फेटनेही वाढते, एकट्या जस्ताने नाही, असं मी म्हटलं खरं. पण बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी पाण्याची नाही, माझ्या आलेखाची बाजू घेतेय.

मग मी प्रयोगशाळेचा मूळ अहवाल काढला. छापील कागदावर होतं : 1.250.

जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम असतो आणि हजार तोडायला टिंब. साडेबारा लिहितात 12,5 असे, आणि बाराशे पन्नास लिहितात 1.250 असे. आमचं एक्सेल इंग्रजी वळणाचं, म्हणून अहवालातले सगळे स्वल्पविराम एका फटक्यात टिंबात बदलायची युक्ती मीच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवली होती. 12,5 चं 12.5 झालं, बरोबर. आणि 1.250 मध्ये स्वल्पविराम नव्हताच, तो तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांना सव्वा, माझ्याही डोळ्यांना सव्वा. आपण हजाराला स्वल्पविराम देतो, लाखाला दुसरा देतो, पण टिंब आपल्याकडे दशांशाचंच. तीन वर्षं या देशात काढून, किराण्याच्या पावतीवर रोज हे पाहून, तो आकडा माझ्या नजरेखालून गेला होता.

तरी मी फोन केला. पलीकडच्या बाईंना विचारलं, हा आकडा कसा वाचायचा? त्यांना प्रश्नच कळेना. मग त्यांनी अक्षर अक्षर सोडवत सांगितलं : आइनटाउझंट-त्स्वाइहुंडर्ट-फ्युन्फत्सिश. एक हजार दोनशे पन्नास. आभार मानले, त्यांनी "ग्ल्यूक आउफ" म्हणून फोन ठेवला.

पोरगा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "तुझा रंग बरोबर होता."

३४ आकड्यांपैकी पाच असे निघाले, हजाराच्या वरचे तेवढेच. पाच दुरुस्त केले आणि आलेख उलटा झाला. पावसाने जस्त पातळ होत नव्हतं. कोरड्या दिवसांत भिंतींवर जी क्षारांची लव धरते, ती पाऊस मुरला की विरघळून पाण्यात उतरते. सकाळी आम्ही दिवा धरून जे पाहिलं होतं तेच. मंगळवारी मी पहिला आलेख मांडला असता तर कुणी लगेच पकडलंही असतं कदाचित. कदाचित नसतंही, आणि पुढच्या वर्षीचे नमुने चुकीच्या महिन्यांत घेतले गेले असते. त्या विचाराने माझ्या पोटात अजून गोळा येतो.

चार वाजता सगळं मजलाभर सामसूम झालं. काम संपलं की इथली माणसं थांबत नाहीत आणि त्यात कुणाला अपराधी वाटत नाही. आम्ही थांबलो. पोराने प्रत्येक आकडा अहवालातून मोठ्याने वाचला, मी टाइप केला, मग मी वाचला आणि त्याने तपासला. साडेपाचला तो पळाला आणि त्याच्या फ्लॅटवरून डबा घेऊन आला. आदल्या रात्री त्याने पेस्टी भाजल्या होत्या. कॉर्नवॉलहून गेलेल्या खाणकामगारांनी ब्यूटला नेलेला पदार्थ, दिसायला मोठ्या करंजीसारखा, आत मांस आणि बटाटा. माझ्यासाठी नुसत्या बटाटा-कांद्याच्या दोन वेगळ्या केल्या होत्या आणि त्यांवर सुरीने खूण केली होती. "खाणीत हाच डबा न्यायचे, एका हाताने खाता येतो," तो म्हणाला. बाबा भात आणि अंबाडीची भाजी न्यायचे, हे मी त्याला सांगितलं.

तेवढ्यात बाबांचाच फोन आला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.

"काय करून राहिली? जेवली का?"

मी त्यांना सगळं सांगितलं, आकडा, टिंब, हंस. हंसांपाशी ते थांबले. मग म्हणाले, गावाच्या कडेची ती जुनी खुली खाण, कधीची बंद पडलेली, तिच्यात पोरं पोहायला जातात. आणि खालच्या आळीतल्या विहिरीच्या पाण्याने यंदा भांडी काळी पडू लागली आहेत. "त्या पोराला विचार, पाणी तपासायला पाठवायचं तर कसं भरायचं?"

मी फोन स्पीकरवर टाकला. तो इंग्रजीत एकेक सांगत गेला, मी मराठीत बाबांना. बाटली नवीन, प्लास्टिकची. त्याच पाण्याने तीनदा विसळायची. काठोकाठ भरायची, वर हवा ठेवायची नाही. लगेच थंड जागी ठेवायची आणि शक्य तितक्या लवकर पोचवायची. कुठल्या विहिरीचं, किती खोलीवरून काढलं, आदल्या आठवड्यात पाऊस झाला का, हे कागदावर लिहायचं. बाबा तिकडे लिहून घेत होते, मधूनमधून "हं" म्हणत होते.

"आणि तारीख," पोरगा म्हणाला.

"तारीख टाकतोच ना," बाबा म्हणाले.

"त्यांना सांग, महिना अक्षरात."