एडिसनची बॅटरी फॅक्टरी आणि बाबांची फर्स्ट शिफ्ट

बाबा यंदा पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी आलेत आणि न्यू जर्सीत येणाऱ्या सगळ्या आईबाबांचं होतं तेच त्यांचंही झालं, पहिला आठवडा जेटलॅग, दुसरा ओक ट्री रोडची देशी दुकानं, एक शनिवार देऊळ, एक रविवार न्यूयॉर्क, आणि मग गॅलरीत बसून "आज कचऱ्याची गाडी उशिरा आली" वगैरे. आम्ही राहतो एडिसनमध्ये. एक दिवस चहा पिताना म्हणाले, हा बल्बवाला एडिसन इथलाच का गं? म्हटलं हो, मेन्लो पार्क म्हणजे हेच गाव, १९५४ साली त्याचं नाव दिलं गावाला, पण त्याची मोठी लॅब नंतर वेस्ट ऑरेंजला झाली, पाऊण तासावर आहे, तिथं फोनोग्राफ, सिनेमा, बॅटरी सगळ्याचे कारखाने होते.

"बॅटरीचा? लेड अ‍ॅसिड?"

मला काय माहीत. पण कप खाली ठेवला त्यांनी.

तर आमचे बाबा म्हणजे एकतीस वर्षं बॅटरीच्या कंपनीत. एमआयडीसीतली एक कंपनी, नाव कशाला घ्या. आधी पेस्टिंगला, म्हणजे प्लेटवर शिशाचा लेप चढवायला, मग चार्जिंगला. माझ्या लहानपणी घरात बाबांच्या बनियनला भोकं नाहीत असं कधी पाहिलंच नाही, अ‍ॅसिडचा थेंब उडाला की कापडाला लगेच काही दिसायचं नाही पण धुतलं की तिथं बरोब्बर भोक. आई म्हणायची नवीन बनियन आणू नका, आहेत त्यांचीच चाळण होऊ दे. कंपनीत गूळ मिळायचा रोज, तो रुमालात बांधून आमच्यासाठी घरी यायचा, आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं की कंपनी गुळाचीच आहे. पुढे एकदा तपासणीत रक्तात लेड वाढलेलं निघालं म्हणून पेस्टिंगवरून काढलं, अलाउन्स गेला, त्यावरून घरात जे काय बोलणं झालं ते मला अर्धवट आठवतं. गूळ खाल्ल्यानं शिसं जात नाही हे डॉक्टरांकडून कळलं तेव्हा बाबा रिटायरमेंटला आले होते.

असो. रविवारी सकाळी निघालो, पार्कवे, मग २८०. एक्झिट चुकला, माझीच चूक, बाबा शेजारून "तुझा तो जीपीएस काय म्हणत होता" एवढंच म्हणाले.

लॅब मेन स्ट्रीटवरच आहे, लाल विटांची. आता नॅशनल पार्कवाल्यांकडे आहे. १८८७ साली बांधलेली, आत गेल्या गेल्या लायब्ररी, उंचच उंच, लाकडाचा वास, एडिसनचं टेबल आणि एका कोपऱ्यात त्याची कॉट. लोक सगळे कॉटचे फोटो काढतात. बाबा मात्र अडकले हजेरीच्या घड्याळापाशी. पंचिंगचं घड्याळ हो, इतर कामगारांसारखं मालकही स्वतः कार्ड पंच करायचा. रेंजर कौतुकानं सांगत होता. बाबा मला मराठीत, "त्याचा लेटमार्क कोण लावणार?"

मशीन शॉप बघण्यासारखं आहे. छतापासून पट्टे लोंबतायत, खाली लेथ, ड्रिल, ओळीनं. बाबांना बाहेर काढायला अर्धा तास लागला आणि तेवढ्यात माझ्या मुलानं फोनवर एक अख्खा एपिसोड पाहिला.

आणि मग वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात ती बॅटरी. निकेल लावलेल्या स्टीलचा डबा, शाळेतल्या कंपासपेटीला उभी केली तर कशी दिसेल तसा काहीसा, फक्त मोठा. शेजारी आतलं प्लेटचं मॉडेल. बाबा नाक काचेला लावून. यात अ‍ॅसिड नसतंच, पोटॅश असतं, कॉस्टिक. एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोखंड. शिसं अजिबात नाही. एडिसनला शिशाची बॅटरी आवडायचीच नाही, जड आणि स्वतःलाच खाऊन टाकणारी, त्याला विजेच्या मोटारीसाठी हलकी आणि दणकट पाहिजे होती. १९०१ मध्ये कंपनी काढली, दोन-तीन वर्षांत माल बाजारात आणला, आणि डबे गळायला लागले, कपॅसिटी उतरायला लागली. मग प्रॉडक्शन बंद केलं, पुन्हा हजारो प्रयोग, आणि नवीन बॅटरी आली १९०९ ला. लॅबच्या वरच्या मजल्यावरून बॅटऱ्या खाली फेकून टेस्ट करायचे. हे ऐकून बाबा म्हणाले, आमच्याकडे पॅकिंगवाले हेच करायचे, पण टेस्ट म्हणून नाही.

पण खरं नवल त्या नळीचं. पॉझिटिव्ह प्लेट म्हणजे नळ्यांची रांग. चार इंचाची नळी, पेन्सिलीएवढी जाड, स्टीलची, अंगभर बारीक भोकं, फुगून फाटू नये म्हणून बाहेरून आठ कड्या. आत निकेल हायड्रॉक्साइडची पावडर, पण नुसती पावडर वीज नीट नेत नाही, म्हणून मध्ये मध्ये शुद्ध निकेलच्या चकत्या, कागदाहून किती तरी पातळ. त्या बनवायच्या कशा, तर एक थर तांब्याचा एक निकेलचा असे थरावर थर चढवायचे, तुकडे कापायचे, आणि तांबं विरघळवून टाकायचं, उरतं ते निकेल. मग नळीत थोडी पावडर, थोड्या चकत्या, दाबा, पुन्हा पावडर, पुन्हा चकत्या, एका नळीत असे शेकडो थर. पावडरी बनायच्या सिल्व्हर लेकच्या कारखान्यात, बॅटरी जुळवायची इथं.

बाबांनी रेंजरला त्यांच्या इंग्लिशमध्ये विचारलं, "हू फिल्ड? अँड वॉशिंग प्लेस व्हेअर?" रेंजरला वाटलं बाथरूम पाहिजे. मी समजावलं की ते विचारतायत कामगारांना पावडर धुवायला जागा होती का, घरी जाताना कपडे बदलायचे का. तो भला माणूस, म्हणाला चांगला प्रश्न आहे, आणि मग प्रयोग करणाऱ्या पोरांना 'मकर्स' म्हणायचे, म्हणजे चिखलात हात घालणारे, ते सांगायला लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला इथल्या सगळ्या कारखान्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं होती. मकर्सचा ग्रुप फोटो आहे भिंतीवर. नळ्या भरणारे त्यात नाहीत.

बॅटरी झकास झाली पण ज्याच्यासाठी केली तिथं चालली नाही. तोवर फोर्डची मॉडेल टी आलेली, विजेच्या गाड्या मागे पडल्या. पेट्रोल गाडीच्या स्टार्टरला एकदम जोराचा करंट लागतो, थंडीत तर जास्तच, तिथं शिशाची बॅटरीच बरी आणि स्वस्त. एडिसनची एका सेलची जेमतेम १.२ व्होल्ट, शिशाची २. म्हणून ही गेली रेल्वेच्या डब्यातल्या दिव्यांना, सिग्नलला, माल वाहणाऱ्या विजेच्या ट्रकना. आणि १९१४ पासून खाणीत, डोक्यावरच्या दिव्याला कमरेला बॅटरी. त्याआधी कोळशाच्या खाणीत पेटत्या ज्योतीचा दिवा डोक्यावर घेऊन उतरायची माणसं, गॅस लागला की संपलं. मला विचाराल तर बल्बपेक्षा हे मोठं काम, पण शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरात मोठी आग लागली, कारखान्याच्या कितीतरी इमारती गेल्या, बॅटरीची बिल्डिंग वाचली. पुढे साठ वर्षं चालली. १९७२ मध्ये एक्साइडला विकली, नाव ऐकून बाबा खूश, आणि १९७५ ला प्रॉडक्शन बंद.

ती बिल्डिंग समोरच आहे, रस्ता ओलांडला की. काँक्रीटची, लांबलचक, वर्षानुवर्षं रिकामी पडून होती, आता लॉफ्ट्स केलेत, तीनशेच्या वर घरं, खाली जिम. आत जाता येत नाही, म्हणून फुटपाथवरून बघितली. मुलगा भूक भूक करत होता. बाबा काही हलेनात.

"खिडक्या बघ. केवढ्या आहेत."

उजेडासाठी असतील म्हटलं.

"उजेड तर हवाच. पण चार्जिंगला हायड्रोजन सुटतो बाई. आमच्याकडे वर चार एक्झॉस्ट होते, दोन बंद." मग बोटानं मजले मोजून त्यांनी चार्जिंग कुठं असेल, स्टोअर कुठं, माल कुठून उतरत असेल सगळं ठरवून टाकलं. बरोबर की चूक कोण सांगणार. एक बाई कुत्रं घेऊन बाहेर आली, तिला "गुड मॉर्निंग" म्हणाले, दुपारचा एक वाजला होता.

येताना ओक ट्री रोडला डोसा. घरी आल्यावर त्यांनी बिल्डिंगचे सात फोटो, पैकी तीन त्यांच्या अंगठ्याचे, कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, वर लिहिलं "एडिसन साहेबांची कंपनी, शिसे नाही". आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पाच. मला वाटलं कोण जागं असणार. पण सगळे फर्स्ट शिफ्टवाले, रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी साडेचारला उठतात. दोन मिनिटांत पहिला रिप्लाय,

"भाऊ, गूळ देतात का तिथं?"