मचाणावरून पाय घसरला तेव्हा

अमेरिकेत विस्कॉन्सिनात आल्यावर मी हरणांच्या शिकारीचा कोर्स करतोय असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "तुरुंगात टाकतील रे!" तिचं चूक नव्हतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हा विषयच मिटलाय. इथे मात्र १९७३ पासून पुढे जन्मलेल्या माणसाला कोर्स केल्याशिवाय एकट्याने शिकारीला जाता येत नाही.

कोर्समध्ये बंदुकीबद्दल ऐकायला मिळणार असं वाटलं होतं. तेही झालं, पण शिकवणारे स्वयंसेवक आजोबा फिरून फिरून झाडावरून पडण्यावरच येत होते. मी मनात हसत होतो. कॉलेजात असताना लिंगाण्याच्या सुळक्यावर दोर लावून चढलेल्या माणसाला पंधरा फुटांचं काय कौतुक!

त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही तिघांनी मिळून ओकच्या झाडाला शिडीचं मचाण लावलं. मी धनुष्याने शिकार करतो, त्यामुळे बंदुकीच्या हंगामाआधीच जंगलात असतो. हार्नेस, म्हणजे पडलो तर धरून ठेवणारे खांद्या-मांड्यांचे पट्टे, मचाणाच्या खोक्यातच आला होता. मी तो घालायचो, पण झाडाला अडकवायचो वर बसल्यावर. ज्यांच्या शेतावर जातो त्या सत्तरीतल्या गृहस्थांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बसलेला माणूस कशाला पडेल? पडतो तो चढता-उतरताना." दुसऱ्या दिवशी त्यांनीच लाइफलाइन आणून दिली. मचाणाच्या वर खोडाला बांधलेला दोर थेट जमिनीपर्यंत येतो आणि त्यावर प्रुसिकची गाठ असते. हाताने सरकवली तर सरकते, झटका बसला की आवळते. गाठ ओळखीची, लिंगाण्याच्या वेळचीच. म्हणून जरा जास्तच निर्धास्त झालो.

नोव्हेंबरच्या मध्यावर, थंडी उणे चार. पहाटेपासून साडेतीन तास बसून पाय बधिर झाले होते. धनुष्य दोरीने खाली सोडलं (हे एक बरं केलं, भात्यातल्या बाणांची पाती वस्तऱ्यासारखी असतात) आणि फळीवरून शिडीवर पाय टाकला. पायरीवर दहिवर गोठलं होतं. बुटाचा तळ सर्रकन निघाला.

प्रुसिकने पकडलं, पण अडीच-तीन फूट खाली आल्यावर. गाठ डोक्याच्या वर हवी होती, मी आळसाने कमरेशी ठेवली होती. त्या ढिलाईचा सगळा झटका खांद्यांना बसला, गाल सालीवर घासला आणि मी फिरून खोडाच्या पलीकडे गेलो. शिडी दिसत होती, पण पाय पोचत नव्हता.

मांड्यांचे पट्टे आवळायला लागले तसे आजोबांचे शब्द आठवले: लटकलात तर पाय हलवत राहा, रक्त खाली साचतं. त्यासाठी पाय टेकवायला एक पट्टा मिळतो. माझा सॅकमध्ये होता, सॅक वर हुकाला. फोन मागच्या खिशात, त्यावर हार्नेसचा पट्टा घट्ट. हातमोजे घातलेल्या बोटांनी तो खेचताना मी सह्याद्रीतल्या सगळ्या देवांना साकडं घातलं. शेवटी खोडाला लाथ मारत मारत झोके घेतले आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला टाच पायरीत अडकली.

खाली आल्यावर बराच वेळ पाचोळ्यातच बसून राहिलो. खांदा पुढे तीन आठवडे दुखला. घरी अर्धंच सांगितलं.

आता पट्टा छातीच्या डाव्या खिशात, फोन उजव्या खिशात आणि गाठ कायम कपाळाच्या वर. पुढच्या ऑगस्टमध्ये मचाण तपासायला गेलो तर मचाण खोडाला आवळून धरणारा एक रॅचेट पट्टा खारीने निम्मा कुरतडलेला, आणि खालून पाहिलं तर अगदी धडधाकट दिसत होता. दोन्ही पट्टे बदलले. नव्यांवर मार्करने तारीख लिहिली. शेताचे म्हातारबाबा शिडी धरून उभे होते, वर बघून म्हणाले, "हार्नेसवरची तारीखही वाच." ती मी आजवर पाहिलीच नव्हती.