मुंग्यांची तक्रार

सीमेजवळच्या रेंककडून येणारी बोट दक्षिण सुदानातल्या मलाकालच्या धक्क्याला लागली की आमचा दवाखाना भरून जायचा. १५ एप्रिल २०२३ ला सुदानात युद्ध पेटलं आणि खार्टूममध्ये वर्षानुवर्षं राहिलेली दक्षिण सुदानी माणसं जोडाची सीमा ओलांडून परत येऊ लागली. रेंकपासून पुढे मालवाहू बोट, नाईलवरून दोन-तीन दिवस, बहुतेकदा उन्हातच. मी सोलापूरचा, मेडिसिनचा डॉक्टर. एका मदतसंस्थेतर्फे तिथे होतो. मलाकालने स्वतः कमी भोगलेलं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या यादवीत हे शहर कितीदा या हातातून त्या हातात गेलं. २०१४ मध्ये तिथलं मोठं रुग्णालय लुटलं गेलं, खाटेवरच्या रुग्णांना मारलं गेलं. अशा जागी दवाखान्यात येतात ते ताप, हगवण, गोवर आणि सुकलेली मुलं. मोठ्या माणसाची शुगर तपासायची आठवण कुणाला होणार?

ती बाई आली तीसुद्धा नातवासाठी. पोर सव्वा वर्षाचं असेल. दंडाला पट्टी लावली तर ११२ मिलिमीटर, म्हणजे लाल पट्ट्यात. ११५ च्या खाली गेलं की तीव्र कुपोषण. लगेच उपचारात घ्यायचं. आमचा नर्स तिथलाच, शिल्लुक आणि अरबी दोन्ही बोलणारा. तो फॉर्म भरत होता. बाई उंच, काटकुळी, कपाळावर शिल्लुक लोकांची ठिपक्यांची ओळ. वय पंचेचाळीसच्या आसपास. खार्टूममध्ये रस्त्याकडेला चहा विकायची. तिथल्या कितीतरी दक्षिण सुदानी बायकांचं पोट त्याच धंद्यावर चालायचं.

“हबोबा, राहण्याची काही अडचण?” नर्सने विचारलं. आजीला तिकडे हबोबा म्हणतात.

तिने सांगितलं, झोपडीत मुंग्या फार आहेत. संडास लांब आहे, अंधार असतो, रात्री बायका तिकडे जात नाहीत. पुरुष टपून असतात. म्हणून ती आत डबा ठेवते, आणि सकाळी डब्याभोवती मुंग्यांची रांग लागलेली असते. नर्सने निवाऱ्याच्या रकान्यात ‘मुंग्या, जागा बदलून हवी’ असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. फॉर्मवर त्यासाठी दुसरा रकानाच नव्हता.

आमच्याकडे शाळा न शिकलेल्या आज्यांनाही हे माहीत असतं: लघवीला मुंग्या लागल्या की साखर बघून घ्यावी. मी हातातलं काम सोडून तिच्यासमोर जाऊन बसलो. रात्री किती वेळा उठता? डबा भरतो, ती म्हणाली. तहान? दोन्ही हात पसरून तिने बाहेरच्या उन्हाकडे बोट केलं.

बोट टोचलं. मशीनवर आकडा आला २४.३. तिकडची मशिनं मिलिमोलमध्ये दाखवतात. आपल्या हिशेबात आणायला १८ ने गुणायचं. जवळजवळ ४४०. लघवीत कीटोन, म्हणजे साखर जिवावर बेतण्याइतकी बिघडल्याची खूण, नव्हते, एवढं बरं. मग मी तिला चप्पल काढायला सांगितलं. डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता, भोवती चांगलं रुपयाएवढं भगदाड, कडा पांढुरक्या. मी चिमट्याने काटा ओढून काढला. तिने पाय हलवलाही नाही. ती नातवाकडेच बघत होती.

पायाची जाणीव अशी चार-सहा महिन्यांत जात नाही. खार्टूमला असल्यापासून हे असणार, आणि कुणी पाहिलेलं नव्हतं.

मधुमेहाची लक्षणं आपण पाठ करतो: तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, थकवा. मलाकालमध्ये यातल्या प्रत्येकाला आधीच कारण मिळालेलं असतं. तहान लागते कारण ऊन आहे. वजन उतरलं कारण रेशन कापलं गेलंय. थकवा आहे कारण माणूस इतक्या लांबून जीव घेऊन आलाय. रात्रीच्या लघवीबद्दल तर बाई कुणाशी बोलणार? युद्ध हा आजार लपवतं. औषधं अडतात, दवाखाने जळतात, हे आपल्याला दिसतं. पण लक्षण हे लक्षणच वाटत नाही, ही गोष्ट मला जास्त घातक वाटते. २०२१ च्या जागतिक अंदाजानुसार आफ्रिकेतल्या निम्म्याहून अधिक मधुमेहींना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हतं. जिथे बंदुका चालतात तिथे तर मोजायलाच कुणी जात नाही.

तिला मेटफॉर्मिन, म्हणजे साखर उतरवणाऱ्या गोळ्या, सुरू केल्या. जखम भरेपर्यंत इन्सुलिनही द्यायचं ठरलं. फ्रिज दवाखान्यात होता, झोपडीत कुठला? पण केनियातल्या दगाहाले छावणीत तपमान मोजून केलेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आलाय: २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे टिकतं. त्या भरवशावर कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायला दिली. आहाराचं काय सांगणार? रेशनमध्ये ज्वारी, डाळ, तेल, मीठ. ज्वारी माझ्याही घरची; पण निवडायला दुसरं काही असेल तर पथ्य. चहातली साखर तेवढी कमी करा म्हटलं. त्यावर ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली, आणि तिचा राग मला रास्त वाटला.

हाताशी शुगर तपासायच्या ५० पट्ट्यांचा डबा होता. दमट हवेत डबा उघडला की पट्ट्या फार टिकत नाहीत. वरिष्ठांना विचारलं आणि त्या दुपारी मुलांबरोबर आलेल्या पस्तिशीपुढच्या सगळ्यांची बोटं टोचली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीचं यंत्र नव्हतं. असतं तरी मलेरिया, रक्तक्षय आणि सिकलसेलच्या मुलखात त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. ज्यांचा आकडा वाढलेला दिसला त्यांना दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं. त्यात धक्क्यावर पोती उचलणारा एक गडी होता, अंगावर मांसाचं नाव नाही. उपाशीपोटी ६.६, आपले ११९: मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याला वाटलं मशीन बिघडलंय. बारीक माणसाला शुगर नसते, ही समजूत सोलापुरातही तेवढीच घट्ट आहे.

मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम आठवत होतं. आईच्या पोटात उपासमार झालेलं बाळ वजनाने कमी, तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त, आणि पुढे मधुमेहाकडे झुकलेलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी आयांचा आणि मुलांचा पाठपुरावा केला. लाल पट्ट्यातली जी मुलं आम्ही रोज बघत होतो, त्यांच्या चाळिशीचा विचार कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

पुढच्या आठवड्यात हबोबा आली तेव्हा जखमेला लाल, ताजं मांस धरलं होतं आणि सकाळचा आकडा ११ वर आला होता. बरोबर तिची मुलगी, म्हणजे त्या पोराची आई. पुन्हा दिवस गेलेले, पाचवा महिना. “हिचीही बघा,” हबोबा म्हणाली. मुलगी उपाशीच आली होती. ५.६. नर्सने आकडा वाचून ‘ठीक’ लिहायला पेन टेकवलं. मी त्याला थांबवलं. गरोदर नसती तर मीही फारसं मनावर घेतलं नसतं, गरोदरपणात ५.१ लाच रेघ ओढायची. त्याने खोडलं, गरोदर बायकांच्या वहीत तिचं नाव चढवलं, आणि तिच्यासाठी दर आठवड्याच्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवल्या.