कात्री पुसली होती

प्रतापनगरातल्या काकूंकडे आजारी झाडं बघायला मी पहिल्यांदा गेले ती जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराला. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, हॉलमध्ये अंधार, कूलरची घरघर. त्या अंधारात बेगोनियाच्या 22 कुंड्या, बहुतेक रेक्स या चंदेरी-रंगीत पानांच्या जातीच्या. मूळ आसामकडच्या डोंगरातलं हे झाड, नागपूरच्या 45 डिग्रीत ते कूलरच्या खोलीतच जगणार, हे काकूंना कोणी न सांगता उमगलं होतं.

खिडकीजवळच्या कुंड्यांच्या पानांवर तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कडा. मी बुरशी म्हणून मोकळी झाले. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओळीनं डागाळलेली, जुनी पानं छाटली, कार्बेन्डाझिम-मँकोझेबची बुरशीनाशक पावडर लिटरला दोन ग्रॅम फवारायला सांगितली आणि निघाले. अजून तीन घरं बाकी होती. आमच्या धंद्यात ठिपका दिसला की ही पावडर लिहून देतात. नर्सरीवाले तर झाड न पाहताच देतात. त्यांना हसणारी मी, त्या दिवशी मीही तेच केलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. "अगं, हे काय होऊन राहिलं? आता तर सगळ्याच कुंड्यांवर आलं." आधी त्यांनी फोटो पाठवले होते. फोटोंवर माझा राग आहे. फोटोत ठिपक्याचा रंग दिसतो, पण उजेडात पान धरल्यावर काय दिसतं ते दिसत नाही, आणि बेगोनियात निदान होतं ते तिथेच.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा पाऊस सुरू झाला होता, ताट्या निघाल्या होत्या, हॉलमध्ये उजेड होता. पान उलटं करून खिडकीसमोर धरलं. वाळलेल्या ठिपक्यांच्या मधेमधे टाचणीच्या डोक्याएवढे तेलकट, आरपार दिसणारे फोड होते, पापडावर तेलाचा थेंब पडावा तसे. काही पानांच्या कडेपासून आत पाचरीसारखा पिवळा पट्टा गेलेला. काकूंकडून काचेचा पेला मागितला, ठिपक्याच्या कडेचा तुकडा नव्या ब्लेडनं कापून स्वच्छ पाण्यात सोडला आणि पेला उजेडात धरला. कापलेल्या जागेतून अगरबत्तीच्या धुरासारखा पांढुरका धागा खाली उतरू लागला. बुरशीतून असा धागा निघत नाही. हे जिवाणू होते, झँथोमोनास.

पेपर वाचत बसलेले काका उठून आले. काटोलकडे त्यांची लिंबाची बाग आहे. पान हातात घेऊन म्हणाले, "अशी पिवळी कडा आमच्या लिंबाला खैऱ्यात येते." खैऱ्या हा लिंबाचा रोगसुद्धा झँथोमोनासचाच, जात वेगळी. महाराजबागेच्या कृषी कॉलेजात चार वर्षं शिकलेल्या मला जे तीन आठवड्यांपूर्वी सुचलं नाही, ते काकांनी चष्मा न लावता सांगितलं.

जिवाणूला ती पावडर काय करणार? उलट फवारणी म्हणजे पानांवर आणखी पाणी, आणि हा रोग पसरतोच पाण्याच्या शिंतोड्यांनी, हातांनी, हत्यारांनी. खिडकीतला कूलर पाणी फेकत होता, त्याच्या झोतातल्या चार कुंड्या आधी आजारी पडल्या हे खरं. पण दाराजवळच्या कुंड्यांपर्यंत ते थेंब पोहोचत नव्हते. तिथे रोग कसा गेला? मागच्या वेळी मी ज्या 20 कुंड्या छाटल्या, त्या सगळ्या डागाळल्या होत्या. वर टांगलेल्या दोन स्वच्छ होत्या. स्टूल सापडलं नाही म्हणून त्यांना मी हात लावला नव्हता.

"कात्री धुतली होती का गं?" काकांनी सहज विचारलं.

"पुसली होती," मी म्हणाले. हे खरं आहे. कोरड्या फडक्यानं, सगळं झाल्यावर.

आणखी काही बोलले नाही. त्या चार कुंड्यांपैकी दोन एप्रिलमध्येच नर्सरीतून आल्या होत्या, रोग तिथूनच आला असणार. पण बाकीच्या सोळांवर?

या रोगावर उपाय नाही. झाडाच्या आत शिरला की झाड टाकायचं, मातीसकट, पिशवीत बांधून. काकूंच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये नाही. अकरा कुंड्या अशा गेल्या. शिलाँगहून बिस्किटाच्या डब्यात आणलेल्या रेक्सशी मात्र काकू अडून बसल्या. "एक चांगलं पान ठेवते, त्यातून नवीन करते." नेमकं हेच करायचं नसतं. पान वरून निरोगी दिसतं आणि रोग आतून सोबत येतो. पंधरा मिनिटं वाद झाला, शेवटी काकांनीच पिशवीची गाठ मारली.

उरलेल्यांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं औषध, लिटरला अडीच ग्रॅम, आधी एका पानावर मारून बघून. त्यानं निरोगी पान वाचलं तर वाचतं, आजारी बरं होत नाही, आणि रेक्सच्या चंदेरी पानांवर निळसर डाग बसतात ते वेगळंच. पाणी फक्त मातीत, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर. फी घेतली नाही. काकूंना वाटलं मी भली आहे.

आता प्रत्येक कुंडीनंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवते. लोक घड्याळ बघतात.

काल रात्री काकूंचा फोटो आला. टांगलेल्या कुंडीचं एक पान. "हा ठिपका आहे की पाण्याचा थेंब?" मोठा करून पाहिला, कळलं नाही. ठिपकाच निघावा, असं क्षणभर वाटून गेलं. त्या कुंडीला माझी कात्री लागलेली नाही. सकाळी टॉर्च घेऊन जाते आहे.