पाऊणपट

दुपारी मित्रांच्या ग्रुपवर निरोप पडला, ‘मेमध्ये क्रोएशिया? पुन्हा शिडाची बोट, पुन्हा आठवडाभर. तारखा बघून सांगा.’ जेवण नुकतंच झालं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. आमचं कॅलेंडर फ्रिजशेजारच्या खिळ्याला असतं, त्यावर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याच्या तारखा. तारीख बघायला गेलो आणि तिथी बघून परत आलो. दशमी. दहा पाऊण साडेसात.

ही खोड जुनी आहे. तिथी दिसली की तिची पाऊणपट करायची. शुद्ध असो, वद्य असो, निघेल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडंफार इकडेतिकडे, पण आमच्या किनाऱ्याला एवढ्यावर भागतं. आता पुण्यात राहून तीस वर्षं झाली. घराजवळ पाणी म्हणाल तर मुठेचं, आणि तिला भरती खडकवासल्याचे दरवाजे उघडले तरच येते. तरी पण दशमी म्हटलं की साडेसात. बायको म्हणते, एकादशीला उपास विसरतोस आणि सव्वाआठ बरे आठवतात.

पाऊणकी मला आजोबांनी शिकवली, तीही मार देऊन नव्हे, भीती दाखवून. अलिबागला आजोळी मे महिन्यात आम्ही सात-आठ पोरं. मामा म्हणाला, कुलाबा किल्ल्यावर जाऊ, आज द्वितीया आहे, सकाळी रस्ता मोकळा असेल. म्हणजे भरती दीडला, तर त्याआधी सहा तास, साडेसातला, सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. ओल्या पुळणीवरून चालत गेलो. पायाखाली वाळूच्या वळ्या, मध्येच डबकी, डबक्यांत तिरके पळणारे बोटभर खेकडे. किल्ल्यात गणपतीचं दर्शन घेतलं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आतलं पाणी गोडं कसं, यावर पोरांचा वाद रंगला. मामाला तटावर कुणी ओळखीचे भेटले. निघालो तेव्हा दहा वाजले होते.

पाणी आवाज न करता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी घोट्याला होतं. मग गुडघ्याला. मग मामाने धाकटीला खांद्यावर घेतलं आणि आम्हाला म्हणाला, हात धरा, बोलू नका. मी दहा वर्षांचा, मला छातीला लागलं. एक चप्पल गेली. घरी आलो तर आजोबा ओटीवर उभे. त्यांनी मामाला एवढंच विचारलं, “द्वितीया होती ना?” मामा बत्तीस वर्षांचा, बँकेत नोकरीला, मान खाली घालून उभा. त्या दुपारी मला पंधरापर्यंत पाऊणकी पाठ झाली.

तर बोट. गेल्या सप्टेंबरात आम्ही सहा जण अथेन्सच्या आलिमोस बंदरातून निघालो होतो. सगळे पन्नाशी ओलांडलेले, कॉलेजच्या एका मजल्यावर राहिलेले. ठरवलं सगळं म्युनिकवाल्याने. तिथे या बोटी शनिवार ते शनिवार भाड्याने देतात, त्यामुळे सगळ्यांच्या रजा शनिवारला बांधलेल्या. तेव्हा पितृपक्ष चालू होता. एकाच्या आईने फोनवर साफ सांगितलं, “या दिवसांत नवीन चप्पल घेत नाहीत, आणि तुम्ही बोट घेताय?” भाड्याची आहे काकू, असं म्हटल्यावर त्या थोड्या नरमल्या.

बोट पंचेचाळीस फुटी. आत झोपायच्या खोल्या म्हणजे आडवी कपाटं. शेगडी मात्र मला फार आवडली. ती दोन खिळींवर झुलती असते, बोट कलली की शेगडी उलटी कलून भांडं सपाट ठेवते. पहिल्या सकाळी मी तिच्यावर कांदेपोहे केले. कढई स्थिर आणि मी झोके खातोय, अशी फोडणी आयुष्यात दिली नव्हती. मोहरी कढईत पडली ती पडली, उरलेली आठवडाभर पायाला टोचत राहिली.

पाण्याची टाकी मोजकी. कप्तानाने पहिल्याच दिवशी बजावलं, आंघोळ समुद्रात करा, वरून दोन तांबे गोडं पाणी घ्या, संपलं. (तांबे हा शब्द माझा.) नळ सोडून दाढी करताना सगळे पकडले गेले. एकटाच सुटला, आमचा बीडचा मित्र. त्याने त्याआधी समुद्र दोनदा पाहिला होता, तोही चौपाटीवरून. पण दीड तांब्यात आंघोळ आणि त्याच पाण्यात रुमाल, ही विद्या त्याला घरची. कप्तान त्याला मानायला लागला. आम्ही किनाऱ्याची माणसं तोंड लपवून.

एजिनाच्या पेर्डिका गावात पहिला मुक्काम. एजिना पिस्त्यांचं बेट, धक्क्यावर पिशव्या लावून विकायला बसतात. संध्याकाळी मी धक्क्यावर पाय सोडून बसलो आणि मला कसंतरीच व्हायला लागलं. काय ते कळेना. पाणी काचेसारखं, तळाचा गोटा न् गोटा दिसतोय, गावातल्या खुर्च्या पार पाण्याच्या कडेला मांडलेल्या. सकाळी उठून पुन्हा तिथे गेलो. तीच पायरी ओली, त्याच्या वरची तशीच कोरडी. तेव्हा उमगलं. हा समुद्र जागचा हलत नव्हता.

कप्तानाला विचारलं, तुमच्याकडे भरती किती? त्याने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली, मग जरा विचार करून ती थोडी आवळली. मग म्हणाला, तुमच्याकडे? मी डोक्यावर हात उंच केला, तो पुरेना म्हणून म्युनिकवाल्याला शेजारी उभं करून दोघं एकावर एक असा अभिनय केला. चार मीटर, उधाणाला त्याहून जास्त. त्याला वाटलं मी मासे पकडणाऱ्यांसारखा हात पसरतोय. मग त्याने फार चांगला प्रश्न विचारला. “मग दोर किती सोडता?”

मला सांगता येईना. आम्ही किनाऱ्याचे खरे, पण भटजी-मास्तरांच्या घरातले, दोराशी संबंध विहिरीपुरता. दोर किती सोडायचा हे कोळीवाड्यात विचारायला हवं. मी म्हटलं, आमच्या खाडीत ओहोटीला होड्या चिखलात कुशीवर पडून असतात, भरती आली की उठतात. हे त्याला अजिबात पचलं नाही. बोट जमिनीला टेकली म्हणजे त्याच्या लेखी नोकरी गेली. रोज दोनदा, मी म्हटलं. तो उठून नांगर बघायला गेला.

पुढे पोरोस झालं. तिथली सामुद्रधुनी इतकी अरुंद की समोरच्या गावातून हाक मारली तर बेटावर ऐकू यावी. मग हायड्रा, जिथे मोटारी चालत नाहीत, सामान गाढवं आणि खेचरं वाहतात. एका गाढवाच्या पाठीवर कपडे धुण्याचं यंत्र आडवं बांधलेलं पाहिलं, आणि गाढवाच्या चेहऱ्यावर त्याचं काहीही नव्हतं. हायड्राचं बंदर चिमुकलं. नांगर समोर टाकायचा आणि बोट उलटी धक्क्याला लावायची, अशी पन्नास जणांनी लावलेली. सकाळी निघायच्या वेळी सगळ्यांच्या साखळ्या एकमेकांत. संक्रांतीचा मांजा गुंततो तसं. आमच्या नांगराबरोबर एका फ्रेंच जोडप्याची साखळी वर आली, तिच्यात आणखी कुणाची. तासभर चार भाषांत ओरडाआरडा. आमचा हिशेबनीस मराठीतूनच ओरडत होता आणि त्याचंच सगळ्यांना कळत होतं.

पण माझं लक्ष लागत नव्हतं, खरं सांगायचं तर. सुंदर होतं सगळं. तक्रार कशाची करणार? तरी वास नव्हता. ओहोटीचा तो वास, चिखल, शेवाळ, कुजकं काहीतरी आणि मीठ, तो नसेल तर समुद्रावर आलोय असं माझ्या नाकाला पटत नाही. तिथे तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला बायका बसलेल्या नाहीत. शंख-शिंपल्यांची रेघ नाही. समुद्राने रात्री काय आणून टाकलं, हे बघायला सकाळी जायची सोयच नाही. मी हे बोलून दाखवलं तर हिशेबनीस म्हणाला, “माणशी एवढे युरो घालून तुला चिखल हवाय?” हवा होता, त्याला मी काय करू.

शेवटून दुसरी रात्र जुन्या एपिडाव्रोसला. गावाजवळच किनाऱ्यापासून जरा आत, पुरुषभर पाण्याखाली रोमन काळातल्या एका वाड्याच्या भिंती आहेत. आम्ही डोळ्यांना चष्मे लावून वरून पोहत गेलो. खाली जोत्याचे दगड, खोल्यांचे चौकोन, आणि रांजण. मोठाले, पोटापर्यंत गाडलेले, तोंडं उघडी. एका रांजणात मासा शिरला आणि बाहेर आला. आजोळच्या माजघरात असेच दोन होते, एकात तांदूळ, दुसऱ्यात पोरांनी डोकावायचं नाही असं काहीतरी. या समुद्राला वर चढायची सवय नाही. जमीनच खाली गेली, आणि पाणी जे आलं ते परत गेलं नाही.

त्या रात्री सर्वपित्री अमावास्या. बाकीचे खाली झोपले, मी वर. चंद्र नाही, वारा नाही, बोटीला बांधलेला दोर पाण्याला सारखाच टेकलेला. अलिबागला अशा वेळी उधाण असतं. मला आजीची आठवण झाली.

मी एकोणीसचा होतो. आजी चार दिवस बेशुद्धीत होती. आमच्याकडे म्हणायचे, जीव जातो तो ओहोटीबरोबर, भरतीला कुणी जात नाही. डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले, काही बोलले नाहीत. आजोबा उठून कॅलेंडरपाशी गेले. दशमी होती. ओठ हलले. मग आम्हाला म्हणाले, “जेवून घ्या, पडा जरा. दीडच्या सुमाराला उठवतो.” त्यांनी खरंच उठवलं. आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो. मामी गीतेचा अध्याय वाचत होती. दीड झाला, दोन झाले, तीन झाले. आजीचा श्वास चालूच. आजोबा अधूनमधून खिडकीकडे बघायचे, तिथून समुद्र दिसत नव्हता, ऐकू यायचा.

सकाळी सात वाजता ती गेली. पाणी चढतं होतं, बंधाऱ्यावर आपटल्याचा आवाज ओटीवर येत होता. कुणीतरी रडायला लागलं. आजोबा उठले, भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर सारून त्या दिवसाच्या चौकोनावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ पुन्हा पुन्हा तेच बघत राहिले.

ग्रुपवर अजून तारीख कळवायची आहे.