तुम्ही विचारलंत म्हणून: पर्मनंट आहात ना, मग घाबरता कशाला?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, परवा एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी टपरीवर चहा पाजून विचारलं. "सर, शाळा अनुदानित, पगार सरकारचा. मग संस्थाचालकांपुढे एवढं दबून का राहता? काढणार आहेत का तुम्हाला?"

नाही काढू शकत. 1977 चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि 1981 ची नियमावली मला तुमच्यापेक्षा बरी पाठ आहे. शिक्षणसेवकाची, म्हणजे सुरुवातीची मानधनावरची, तीन वर्षं समाधानकारक गेली की माणूस कायम. पुढे बडतर्फ करायचं तर आरोप लेखी द्यायचे, चौकशी लावायची. समितीत तिघं: एक संस्थेचा, एक मी निवडलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. एवढं करून काढलंच, तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील.

एवढी यातायात कोण करतो? राजीनामा घेतात. आधीच.

मी रुजू झालो तो दिवस. शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल यायच्या आधीची भरती, माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना 8,000 मानधन (2023 पासून 18,000 झालंय). नेमणुकीचा आदेश टेबलावर होता, माझं नाव टाइप केलेलं, पुढे 'शारीरिक शिक्षण'. मी हात पुढे केला तर हेडक्लार्कनी आदेशावर कागदाला भोकं पाडायचा पंच ठेवला आणि एक कोरा फुलस्केप माझ्याकडे सरकवला. "लिहा. मा. अध्यक्ष यांस." मी लिहिलं. "वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा स्वखुशीने देत आहे." मी 'वैयक्तिक'पाशी थांबलो, तर त्यांना वाटलं शब्द अडला, त्यांनी 'वै'ला दोन मात्रा असतात म्हणून सांगितलं. सवयीने उजव्या कोपऱ्यात तारीख टाकायला गेलो तसे म्हणाले, "तारीख राहू द्या. सगळेच देतात. फॉर्मॅलिटी आहे." मग तो कागद आडवा घडी घालून माझ्या फाइलला न लावता वेगळ्या, सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यात ठेवला. गठ्ठा बऱ्यापैकी जाड होता. पंच उचलला आणि आदेश दिला. वर पेढाही दिला.

आता तुम्ही म्हणाल, बेकायदेशीर आहे. आहेच! त्याच 1977 च्या कायद्याचं कलम 7 सांगतं की राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करून तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवायची, दुसरी आपल्याकडे ठेवायची. कायदा लिहिणाऱ्यांना हे गठ्ठे ठाऊक असणार, नाहीतर तारखेचा आणि पोस्टाचा एवढा आग्रह कशाला? पण न्यायाधिकरणात तो कागद दाबून घेतला होता हे सिद्ध कोण करणार? अक्षर माझं, सही माझी, 'स्वखुशीने' माझ्याच हातचं.

तेव्हाचा मी आजच्या मला ऐकवतो, बी.पी.एड. होऊन घरी बसलेल्याला असले प्रश्न परवडत नव्हते. खरं आहे. मी त्याला म्हणतो, निदान कायम झाल्यावर तरी कागद परत मागायचास. तो म्हणतो, तू माग की, आता तर तू कायम आहेस. इथे आमचं बोलणं थांबतं.

आणि मी दबून राहतो म्हणजे नक्की काय करतो? सकाळी सहाला खो-खोचा सराव घेतो. आदेशात तो नाही. अध्यक्षांच्या वाढदिवसाला मैदानावर मांडव पडला की लांब उडीचा खड्डा महिनाभर बुजतो, मी बोलत नाही. याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा. माझ्या शेजारी संध्याकाळी कबड्डी शिकवायला एक कोच येतो, राज्य पातळीवर खेळलेला. त्याच्याकडे आदेश नाही, हजेरीपटावर नाव नाही. हातावर मानधन टेकवतात, तेही स्पर्धा संपल्यावर. त्याला काढायला राजीनामासुद्धा लागत नाही, 'उद्यापासून येऊ नका' एवढा फोन पुरतो. त्याला मात्र कुणी विचारत नाही, घाबरतोस का म्हणून. मला विचारतात, कारण माझ्याकडे गमवायला काहीतरी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

यंदा पोर्टलवरून गणिताची एक मुलगी आली. मला वाटलं होतं, पोर्टलवाल्यांना तरी सोडतील. तिने आठवड्याभरात विचारलं, "सर, ऑफिसात एक कागद मागतायत, देऊ?" मी म्हटलं, अजिबात देऊ नकोस, कलम 7 दाखव. मोबाइलवर काढून दिलं, वाचून दाखवलं, दोन प्रती म्हणजे काय तेही समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुपारी माझ्याबरोबर याल का ऑफिसात? तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालेल."

दुपारी माझी मॅच होती. खरंच होती, हवं तर तालुका स्पर्धेचं वेळापत्रक काढून बघा.